उजवा डबा, डावा डबा

आमच्या मागच्या पडवीतल्या कपाटात बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे होते आणि प्रत्येक डब्यात, ओल्या वाळूत, पालीचं एकेक अंडं होतं. मी साताऱ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो एवढं सांगितलं तरी लोकांचं समाधान होत नाही. ते विचारतात, "पण घरी कशाला?" कारण कॉलेजातल्या प्रयोगशाळेच्या खोलीत परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवले आहेत, आणि त्यांना तिथून हलवायचं तर विद्यापीठाची परवानगी लागते. पालींना हलवायला माझी लागते. ती मी दिली.

पाल म्हटलं की लोकांना भिंतीवरची, ट्यूबलाइटमागे चुकचुकणारी आठवते. ही ती नव्हे. ही माळावर दगडांखाली राहते. अंगावर बिबट्यासारखे ठिपके, शेपूट जाडजूड, आणि मुख्य म्हणजे हिला पापण्या असतात. भिंतीवरच्या पालीला डोळे मिटता येत नाहीत, हिला येतात. माझ्याकडे बघून ती बऱ्याचदा मिटते.

माझा पीएच.डी.चा विषय म्हणजे या पालीच्या डोळ्यांचा रंग. इतर पालींचे डोळे राखी, मांजरासारखे, मधे उभी चीर. पण शिराळ्याच्या बाजूला एक जोडी सापडली तिचे डोळे संपूर्ण काळे होते. ती आणली गुंडानं. हा आमच्या कॉलेजचा शिपाई, गाव शिराळ्याजवळ, नागपंचमीच्या आधी गावाकडे जाऊन नाग धरणारा. नागाला हात घालताना त्याच्या कपाळावर आठी येत नाही, पण ही जोडी त्यानं माझ्यापुढे धरली तेव्हा तोंड दुसरीकडे केलं होतं.

"सर, ह्येच्या डोळ्यात बगू नगा. लय इखारी हाय."

"अरे, ही पाल विषारी नसते."

"तुमी शिकल्याली मानसं. आमच्या वाडीतल्या एकानं बगितलं, दुसऱ्या दिशी मानूस गेला."

"कोण गेला?"

"मी न्हाई बगितला. पर गेला."

यावर शास्त्राकडे उत्तर नाही. मी ती जोडी ठेवून घेतली.

आता आईबाप दोघंही काळ्या डोळ्यांचे म्हटल्यावर पिल्लंही काळ्या डोळ्यांची व्हायला हवीत. ही पाल एका वेळी दोन अंडी घालते. आदल्या वर्षी तिनं घातली, मी एक खिडकीत ठेवलं आणि एक जागा नव्हती म्हणून पाण्याच्या डेऱ्यामागे. डेऱ्यामागच्याचे डोळे निघाले काळेकुळकुळीत. खिडकीतल्याचे मात्र अर्धे काळे, अर्धे राखी, जणू कुणी दौत कलंडता कलंडता सावरली. आईबाप तेच, अंडी एका दिवसाची, फरक फक्त उबेचा. म्हणजे रक्त काळेपणा देतं, पण तो किती उतरायचा ते अंडं किती उबेत राहिलं त्यावर ठरतं, असा मला संशय आला. मी पुण्याला जाऊन गाइडना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "गंगाधरराव, आनुवंशिकता की तापमान? काहीतरी एक पकडा."

"सर, दोन्ही दिसतंय."

"दोन्हीवर प्रबंध होत नाही."

तेव्हा या वर्षी मी कपाटात रीतसर मांडणी केली. डावीकडच्या कप्प्यात विजेचा दिवा, कारण वायर तिथपर्यंतच पोचत होती. उजवीकडच्या कप्प्यात खाली ओलं पोतं. दोन्ही कप्प्यांच्या फळीला थर्मामीटर टांगलेले. डावा डबा उबेत, उजवा गारव्यात. डबे एकसारखे होते, त्यांच्यावर खुणा करायचं मनात होतं, पण कोण हलवणार आहे अशा विचारानं मी फळीवरच खडूनं 'ऊब' आणि 'गार' लिहिलं. दिव्याला कुणीही हात लावायचा नाही, हे मी बायकोला, म्हणजे शरयूला, बजावून ठेवलं. तिनं ते शब्दशः पाळलं, हे पुढे कळेलच.

त्याच चैत्रात माझ्या भाचीला बघायला सांगलीची मंडळी आली.

चारुशीला माझ्या बहिणीची मुलगी. बहीण कोरेगावला असते, पण मुलगी शिकायला आमच्याकडे आली ती इथलीच झाली. माझ्याच हाताखाली बी.एस्सी. झाली आणि आता मुलींच्या शाळेत शिकवते. हुशार आहे, बोलायला तिखट आहे आणि तिचे डोळे घारे आहेत. मुलगा अनंत, सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारा. तो काही कामानं आमच्या कॉलेजात आला होता, तिथे या दोघांची ओळख झाली आणि बघण्याचा कार्यक्रम व्हायच्या आत बघून झालं होतं. राहिली होती ती फक्त अंबूआत्याची पसंती.

अंबूआत्या म्हणजे अनंतच्या वडिलांची मोठी बहीण. अनंतचे आईवडील लवकर गेले, तिनंच त्याला वाढवला. त्या घरात तिच्या होकाराशिवाय दूधवालासुद्धा बदलत नाही. नुकतंच मिरजेला तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून डोळ्यांवर जाड काळा चष्मा. ऑपरेशनची हकीकत तिनं आल्या आल्या सांगितली. कुठला डोळा आधी करायचा यासाठी तिनं घरच्या देवाला कौल लावला. म्हणजे मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओली पाकळी चिकटवायची, उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. डॉक्टर म्हणत होते उजवा पिकलाय. पाकळी पडली डावी. केला डावा.

"आणि उजवा?" मी विचारलं.

"तो पिकलाय अजून," आत्या म्हणाली. "देव म्हणेल तेव्हा."

मी पन्ह्याचा पेला तोंडाला लावला, कारण त्या वेळी तोंडाला काहीतरी लावणं आवश्यक होतं.

चारू समोर येऊन बसली. आत्यानं नाव विचारलं, शिक्षण विचारलं, मग म्हणाली, "या चष्म्यातून मला सगळं करडंच दिसतं. डोळे कसे आहेत हो मुलीचे?"

शरयू म्हणाली, "छान आहेत की. पाणीदार."

"रंग विचारते मी."

"घारे," चारू म्हणाली.

अनंतनं भडंगाच्या बशीत बोट फिरवायला सुरुवात केली. भडंग त्यांनीच सांगलीहून आणले होते, त्यामुळे त्यात नवीन बघण्यासारखं काही नव्हतं.

"पोरं घारी होतील?" आत्यानं मला विचारलं. "तुम्ही डोळ्यांचंच बघता म्हणे, गंगाधरपंत. अनंता सांगत होता."

"मी पालींच्या डोळ्यांचं बघतो."

"डोळे ते डोळे. सांगा."

आता खरं सांगायचं तर माणसाचं घारेपण बहुतेक रक्तातून येतं. पण ते दोन्ही घरांतून यावं लागतं. एकाच बाजूनं आलं तर पोरांत लपून बसतं. अनंतचे डोळे काळे, पण त्याच्या घराण्यात कुणी घारं असेल तर त्याच्यातही ते लपलेलं असू शकतं. हे मी शक्य तितक्या सोप्या भाषेत सांगितलं आणि शेवटी विचारलं, "तुमच्याकडे कुणी घारं आहे का?"

अनंतचं बोट बशीत थांबलं. आत्या म्हणाली, "मी पोरांचं विचारते, तुम्ही आमच्या घरावर कुठे घसरलात?"

"तुमच्या घरावर नाही घसरलो. रक्तावरून ठरतं म्हणून विचारलं."

"म्हणजे सगळं रक्तावर."

"माणसात बरंचसं. आमच्या पालीत मात्र उबेवरही असतं."

आत्या पुढे सरकली. "म्हणजे बाईचा दोष नाही? अंडं कुठे ठेवलं त्याचा?"

"दोन्ही," मी म्हणालो. या शब्दावर आजवर कुणीही समाधान पावलेलं मी पाहिलेलं नाही. विद्यार्थी नाही, गाइड नाही, आणि आता सांगलीची आत्या नाही.

"दोन्ही म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही," ती म्हणाली.

मग ती म्हणाली, बघू तुमच्या पाली. मी तिला पडवीत नेलं, कपाट उघडलं. ती बराच वेळ त्या दोन डब्यांपुढे उभी राहिली. तिच्या मनात काय शिजतंय याचा मला अंदाज असता तर मी कपाट जाळलं असतं.

"या स्थळाचा मी घरी कौल लावला होता," ती म्हणाली. "दोनदा. पाकळ्या हलल्याच नाहीत. वाळून चिकटून बसल्या. असं माझ्या हयातीत झालं नव्हतं." मग तिनं काठीनं दाखवलं. "उजवा आणि डावा. एका आईची दोन. हाच कौल. उजव्यातलं पिल्लू आधी निघालं तर मुलगी आमची. डाव्यातलं निघालं तर नाही."

"आत्याबाई, हा प्रयोग आहे."

"मग तेच म्हणते मी."

"अहो, डावा उबेत आहे. उबेतलं अंडं आधी फुटतं. डावंच आधी निघणार, त्यात देवाचा काही संबंध नाही."

हे वाक्य मी का बोललो, हे मला आजही समजत नाही. खरं होतं म्हणून बोललो असेन. आत्यानं हात जोडले. "देवानं काय करायचं ते तुम्ही ठरवू नका, गंगाधरपंत."

शरयू दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

मंडळी गेल्यावर चारू मोरीवर पेले विसळत बसली. मी म्हणालो, "मी त्यांना उद्या पत्र टाकतो. हा वेडेपणा आहे."

"नको, मामा. पत्र टाकलंत तर आत्या म्हणेल, तुम्ही कौल मोडला. मग अनंत कायमचा मधे लोंबकळेल. तो तिला सोडून लग्न करणार नाही, आणि केलं तर मला आवडणार नाही."

"म्हणजे तू पालीच्या भरवशावर बसणार? तुला बी.एस्सी.ला मी शिकवलंय."

"म्हणूनच बसते," ती म्हणाली आणि पेला दिव्याकडे धरून बघितला. विसळलेलाच पेला तिनं परत विसळला. डावं आधी निघणार हे या घरात माझ्याइतकंच तिलाही पक्कं ठाऊक होतं, हे मी विसरलो होतो.

वैशाख असाच गेला. वीज जात होती, येत होती. कोयना आमच्याच जिल्ह्यात असूनही विजेनं आमच्याकडे पाहुण्यासारखं वागायचं ठरवलं होतं. दिवा गेला की मी डाव्या कप्प्यात गरम पाण्याची बाटली ठेवत असे. थर्मामीटर चारू बघत होती, कप्प्याचं तापमान रोज होतं तसंच. दिव्याच्या कप्प्यात ऊब, पोत्याच्या कप्प्यात गारवा. माझी मांडणी चोख होती. प्रत्येक मूर्ख माणसाची असते.

ज्येष्ठ लागला आणि अंबूआत्या बिऱ्हाडासकट आली. बिऱ्हाड म्हणजे वळकटी, देवाची पेटी, सोवळ्याची काठी आणि लोणच्याची बरणी. आषाढात एक-दोन मुहूर्त होते, पुढे चार महिने काही नाही. "पिल्लू निघेपर्यंत मी इथेच," ती म्हणाली. मी विचारलं, पालीची अंडी असलेल्या घरात तुमचं सोवळं कसं चालेल? त्यावर तिनं आधीच विचार केला होता. पालीचं अंडं कुणी खात नाही, त्यामुळे ते अंड्यात धरायचं नाही.

ती कपाटापुढे पाट मांडून माळ ओढत बसे. मी पहाटे नोंदी घ्यायला गेलो की ती म्हणे, "सावली पाडू नका." मी दुपारी कॉलेजातून आलो की म्हणे, "हललं नाही अजून." दोन अंडी होती, पण ती सगळं एकवचनात बोलायची. कपाटाला तिनं हळदकुंकू वाहिलं. खडूनं लिहिलेल्या 'ऊब' या शब्दावर कुंकवाचं बोट नेमकं पडलं.

गुंडा एकदा कॉलेजचा निरोप घेऊन आला. आत्याला कपाटापुढे माळ ओढताना बघून दबकत माझ्यापाशी आला.

"सर, ह्या बाई कोन?"

"पाहुण्या आहेत."

"बरं केलंसा. मी म्हनलंच हुतं, ह्येला देवाधर्माचंच मानूस पायजे. तुमच्यानं व्हायचं न्हाई."

शनिवार-रविवार अनंत सांगलीहून एस.टी.नं येई. तो आणि चारू पुढच्या ओट्यावर बसत आणि आत्या आतून दर थोड्या वेळानं, "अनंता, तहान लागली," म्हणे. तो पाणी नेऊन देई. त्याच्याइतकं पाणी मी हयातीत कुणाला वाहिलेलं नाही. एकदा मी त्याला म्हणालो, "अरे, तू तरी तिला काही सांग."

"काय सांगू?"

"की तुला ही मुलगी हवी आहे."

"ते तिला ठाऊक आहे," तो म्हणाला. "ती नको म्हणतच नाहीये. ती घाबरलीये."

"कशाला?"

तो चपलेचा अंगठा चाचपत बसला. "तुम्ही डोळ्यांवर काम करता ना, मामा," एवढंच म्हणाला. मला ते टोमण्यासारखं वाटलं म्हणून मी विषय सोडला.

हिशेबाप्रमाणे उबेतलं अंडं ज्येष्ठाच्या सुरुवातीलाच फुटायला हवं होतं. फुटलं नाही. मी मनातून खूश झालो, मग माझ्याच खुशीचा मला राग आला, कारण प्रयोग चुकतोय याची ती खुशी होती. आणि मग एका रविवारी सकाळी, मी दाढीचा साबण लावलेल्या अवस्थेत असताना, आत्याची हाक आली.

"गंगाधरपंत. निघालं."

"कुठलं?"

मी साबणासकट धावलो. शरयू स्वयंपाकघरातून आली, चारू आणि अनंत ओट्यावरून. उजव्या डब्यात वाळूवर एक पिल्लू, ओलं, पट्ट्यापट्ट्यांचं, जाड शेपटी वळवून बसलेलं. डाव्या डब्यातही तसंच एक. दोन्ही अंड्यांची टरफलं अजून ओली. आत्या सकाळची पूजा करायला म्हणून उठली होती, तेवढ्यात दोन्ही निघाली होती. कुठलं आधी ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"असं होऊच शकत नाही," मी म्हणालो. "एक उबेत होतं, एक गारव्यात. महिन्याचा नाही तरी पंधरवड्याचा फरक हवा." मी वाकून बघितलं. उजव्याचे डोळे अर्धे काळे, अर्धे राखी. डाव्याचे डोळे अर्धे काळे, अर्धे राखी. दोन वर्षांची मेहनत माझ्याकडे बघत होती आणि दोन्हीकडून सारखीच बघत होती.

शरयूनं माझा दंड धरला आणि मला स्वयंपाकघरात नेलं. दार लोटून हळू आवाजात म्हणाली, "अहो, मी डबे बदलले होते."

"कधी?"

"वैशाखात. मधेच कधीतरी. तुम्हीच म्हणालात ना, उबेतलं आधी निघतं? ते डावीकडे होतं. डावं आधी निघालं असतं तर चारूचं मोडलं असतं. म्हणून डावा डबा उजवीकडे ठेवला, उजवा डावीकडे."

मी क्षणभर डोळे मिटले. मला पापण्या आहेत याचं मला बरं वाटलं. "आणि दिवा?"

"दिवा तिथेच. दिव्याला हात लावायचा नाही म्हणून तुम्हीच बजावलं होतं."

म्हणजे अर्धा काळ एक उबेत होतं, अर्धा काळ दुसरं. दोघांनाही अर्धी ऊब, अर्धा गारवा. दोन्ही बरोबर निघाली, डोळेही सारखेच. ह्यातून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होत होती, ती म्हणजे शरयूनं डबे बदलले.

"निदान मला सांगायचंस."

"तुम्ही परत बदलले असते."

हे खरं होतं.

"डबे बदलले म्हणालात?" दाराबाहेरून आवाज आला. आत्यानं दार ढकललं. "मोतीबिंदू डोळ्यात होता. कान शाबूत आहेत."

शरयूच्या हातातला झारा तसाच राहिला. मागे चारू उभी होती. तिचा चेहरा भिंतीसारखा झाला होता. अनंत तिच्या शेजारी येऊन थांबला, आणि मी पहिल्यांदाच पाहिलं की त्यानं आत्यादेखत तिचा हात धरलाय.

"माझी चूक आहे, आत्या," शरयू म्हणाली. "मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. कौल मी मोडला. तिला कशाला शिक्षा?"

आत्या वळली आणि पडवीत गेली. आम्ही मागोमाग. ती कपाटापुढच्या पाटावर बसली, अगदी डब्याजवळ झुकली, आणि तिनं काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला.

तिचे डोळे घारे होते. उजव्यात पिकलेला मोतीबिंदू होता तरी कडेनं कळत होतं, आणि डावा तर चारूच्या डोळ्यासारखा, तसाच फिका, कडेला तशीच गडद रेघ. डोळ्यांच्या रंगावर प्रबंध लिहिणारा मी इतके दिवस या बाईच्या चष्म्याशी वाद घालत होतो.

"हे घारे म्हणायचे की काळे?" तिनं पिल्लाकडे बघत विचारलं.

"दोन्ही," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

ती बघत राहिली. पिल्लानं पापण्या मिटल्या, उघडल्या.

"माझ्या लग्नाला वडिलांनी कौल लावला होता," ती म्हणाली, अगदी बाजारभाव सांगावा तशा आवाजात. "पाकळी उजवी पडली. सगळ्यांनी बघितली. सासरी गेले, तर पहिल्या वर्षी म्हैस आटली. माझ्या डोळ्यांनी. सासरे ओसरीवरून पडले. तेही माझ्या डोळ्यांनी. मग म्हणाले, हिची पोरं अशीच निघतील, आणि पोचवलं परत. भाऊ न्यायला आला होता, तो वाटेत एक अक्षर बोलला नाही. पुढे घरात कुणीच कधी बोललं नाही."

"मग तरीही तुम्ही कौल लावता?" माझ्या तोंडून गेलं.

"मग काय लावू?"

माझ्याकडे दोन थर्मामीटर होते.

"हिच्या पोटी घारं पोर आलं," ती चारूकडे बोट करून मला म्हणाली, "तर लोक हिलाच म्हणतील ना?"

"म्हणतील. पण चूक म्हणतील. तुमच्याकडूनही ते येणार. अनंतच्या रक्तात तुमच्या घरचं असू शकतं. एकट्या आईचं नाही."

"आणि दोष?"

"दोष कशाचा, आत्याबाई? रंग आहे. अर्धं रक्तानं होतं, अर्धं आजूबाजूच्यानं, कुणी ठरवून करत नाही. ह्या दोघांचंच बघा. आईबाप काळे, शरयूनं डबे बदलले, डोळे असे झाले. तुम्ही यात कुणाला परत पाठवणार?"

तिनं चष्मा पदरानं पुसला, पण डोळ्यांवर चढवला नाही.

"हे तुम्ही चैत्रातच का नाही सांगितलंत?"

मी तोंड उघडलं. शरयूनं मागून माझ्या पाठीला झारा टोचला. मी तोंड मिटलं.

"मी तुला पहिल्यांदा बघितलं," आत्या चारूला म्हणाली, "म्हणजे बघितलंच नाही. इकडे ये." चारू तिच्यापुढे उकिडवी बसली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एका वेळी दोघींना बघणं माझ्यासारख्या माणसाला फार होतं. मी पिल्लांच्या पाण्याच्या वाटीकडे वळलो.

"तुला ठाऊक होतं," आत्या म्हणाली.

"पहिल्याच दिवशी. अनंतनं सांगितलं होतं."

"आणि तू बोलली नाहीस."

"ते तुम्ही सांगायचं होतं," चारू म्हणाली. "तुमचं आहे ते."

म्हणजे चारूला ठाऊक होतं, अनंतला ठाऊक होतं, शरयूला नव्हतं पण तिला त्याची गरज नव्हती. मला कुणी सांगितलं नव्हतं कारण, अनंत नंतर म्हणाला, त्यांना वाटलं माझ्या लक्षात आलंच असणार.

आषाढातल्या पहिल्या मुहूर्तावर लग्न ठरलं. गुरुजींनी विचारलं, कौल लावायचा का, तर आत्या म्हणाली, "लागला." निघताना तिनं शरयूला बाजूला घेऊन बराच उपदेश केला. मुलगी माहेरपणाला आली की पहिली दोन वर्षं तिला उष्ण काही खायला घालू नका, पपई नको, तीळ नको, गंगाधरपंतांनीच सांगितलंय की उबेनं डोळे बदलतात. मी ऐकलं आणि तिची वळकटी उचलली. मी कुठल्याही स्त्रीला सुधारायचं सोडून दिलं आहे. शिवाय गाडीची वेळ झाली होती.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करणार असल्याचंही तिनं स्टँडवर जाहीर केलं. "कौल?" मी विचारलं.

"डॉक्टर म्हणतायत पिकलाय," ती म्हणाली आणि एस.टी.त चढली.

घरी येऊन मी कपाटातून दोन्ही पिल्लं मोठ्या पेटीत हलवली. आता कुठलं उजवं आणि कुठलं डावं हे सांगता येणार नाही, आणि खरं तर सांगण्यासारखं काही उरलंही नव्हतं. पुढच्या आठवड्यात मला पुण्याला जाऊन गाइडना तोंड दाखवायचं होतं. ते चष्मा पुसतील आणि विचारतील, रक्त की ऊब? मी म्हणेन, या वर्षी दोन्हीही नाही, बायको. यावर प्रबंध होत नाही हे मला ठाऊक आहे.

शरयूनं पडवीत येऊन पेटीत बघितलं. "गोड आहेत हो डोळे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी डब्यांवर नावं घाला."

दोन्ही पिल्लांनी तिच्याकडे बघून डोळे मिटले.